मातीचे सोने : नागपूरच्या एम्प्रेस मिलचा इतिहास

नागपूरच्या एका मारवाडी सावकाराची गोष्ट जमशेटजी टाटा यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. १८७४ च्या सुमारास जमशेटजी नागपुरात गिरणीसाठी जागा घेत होते. जुम्मा तलावाजवळची ती जमीन दलदलीची होती. तिच्यावर गाड्यांमागून गाड्या मातीचा भराव घातल्याखेरीज तेथे पाया धरणे शक्य नव्हते. या कामी पैसा पुरवण्याविषयी सावकाराकडे विचारणा झाली, तेव्हा जो माणूस सोने ओतून खड्ड्यात माती भरतो त्याला कर्ज देणे हे आपल्या धंद्यात बसत नाही, असा निरोप त्याने दिला. सावकाराचा हिशेब चुकीचा होता असे त्या दिवशी कोणीच म्हटले नसते. पुढे काही वर्षांनी गिरणीची भरभराट पाहून त्याच गृहस्थाने मोकळेपणाने कबूल केले, की टाटांनी मातीत सोने घातले नव्हते. माती घालून त्यांनी सोने बाहेर काढले होते.

गोष्ट लहान आहे. परंतु कोणत्याही नव्या विचाराच्या वाट्याला जे येते, ते सारे तिच्यात आले आहे. आरंभी शहाण्यांचे हसू आणि अखेरीस त्याच शहाण्यांची वाहवा. या दोहोंच्या मधली जी वर्षे असतात, त्यांच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नवा विचार सुचतो एका क्षणी; पण तो जगतो किंवा मरतो तो या मधल्या वर्षांत. नागपूरच्या एम्प्रेस मिलची ती वर्षे कशी गेली हे पाहिले, म्हणजे उद्योगधंद्यात आणि नित्याच्या व्यवहारातही नवेपणा कशाने रुजतो व कशाने खुंटतो, याचा बराचसा उलगडा होतो.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८५८ मध्ये ते पुरे होताच ते वडिलांच्या व्यापारात शिरले. पहिला मोठा धडा त्यांना मिळाला तो अपयशाचा. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकू लागला. त्या लाटेत मुंबईने शेअरांचे जे मनोरे रचले, ते १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळले. टाटांची पेढीही त्यात सापडली. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते आणि त्यांच्या हातातील हुंड्यांना किंमत उरली नव्हती. त्यांनी घेणेकऱ्यांपुढे स्वतः जाऊन खरी स्थिती उघड केली. त्यांच्या सचोटीवर त्या लोकांचा इतका विश्वास बसला, की देण्याघेण्याची निरवानिरव करण्याचे काम त्यांनी जमशेटजींवरच सोपवले. चूक झाल्यास ती झाकू नये आणि लवकर सांगून टाकावी, हा त्यांच्या वागणुकीचा पाया तेथे पक्का झाला असावा. पुढील कथेत या गुणाचे काम वारंवार पडलेले दिसते.

१८६९ मध्ये त्यांनी चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी भागीदारीत घेऊन तिच्यात सूतगिरणी काढली, अलेक्झांड्रा हे नाव देऊन ती चालू करून दाखवली आणि दोन वर्षांत नफा घेऊन विकूनही टाकली. व्यापारी म्हणून ते येथेच थांबते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु चाललेला धंदा विकून ते विलायतेस गेले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कारभार त्यांनी शिकाऊ माणसाच्या नजरेने पाहिला. परत आल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो जागेचा.

त्या काळी कापसाची गिरणी म्हणजे मुंबई, असे समीकरणच होऊन बसले होते. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये तेथे कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये तिचे सूत निघू लागले आणि मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. बंदर तेथे, भांडवल तेथे, यंत्रसामग्री बोटीतून उतरणार तेथे, विलायती कोळसा येणार तोही तेथेच. शिवाय समुद्राकाठची दमट हवा सूतकताईला मानवते. कोरड्या हवेत धागा ठिसूळ होऊन तुटतो. इतकी कारणे मुंबईच्या बाजूने असताना दुसरे गाव शोधणे हा वेडेपणाच ठरला असता.

जमशेटजींनी तो केला, पण डोळे मिटून केला नाही. त्यांनी प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. इतर लोक गिरणी कोठे आहेत हे पाहत होते. त्यांनी कापूस कोठे पिकतो, कापड कोठे खपते आणि जळण कोठे निघते, हे पाहिले. वर्धा-नागपूरचा व वऱ्हाडचा कापूस शेकडो मैल रेल्वेने मुंबईला जाई, आणि त्याचे सूत व कापड पुन्हा तितकाच प्रवास करून त्याच मुलखात विकायला येई. दोन्ही खेपांचे भाडे अखेर शेतकरी आणि गिऱ्हाईक यांच्याच गाठीचे. नागपूर हे मध्यप्रांताचे मुख्य ठाणे. तेथे १८६७ साली रेल्वे पोहोचली होती. वरोऱ्याकडे कोळशाच्या खाणीचे काम चालू होत होते. विणकरांची मोठी वस्ती शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती आणि आसपासचा सारा प्रदेश कापडाचे गिऱ्हाईक होता. हे सारे एका कागदावर मांडले, तर वेडेपणाचा रंग पार उडून जातो. हा कागद मांडण्याची तसदी तोवर फारशी कोणी घेतली नव्हती, एवढाच काय तो फरक.

१८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाने स्थापन झाली. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याचे जाहीर झाले त्याच दिवशी, नागपूरची गिरणी सुरू झाली. तिला एम्प्रेस हे नाव पडले ते त्यामुळेच. सुमारे ३०,००० चात्या आणि ४५० माग एवढा तिचा आरंभीचा पसारा होता.

गिरणीच्या कारभारासाठी माणसे निवडतानाही जमशेटजी रूढ वाटेने गेले नाहीत. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणले. हे गृहस्थ ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. सूत कसे निघते हे त्यांना ठाऊक नव्हते. माणसे, वेळ आणि हिशेब कसे सांभाळावे हे मात्र उत्तम ठाऊक होते. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या तज्ज्ञाकडे दिली. एकाला कारभाराचा अनुभव, दुसऱ्याला कसबाचा. आणि दोघांनाही प्रश्न विचारण्याची मोकळीक. ज्याला धंद्यातले काहीच ठाऊक नाही, तो कधी कधी नेमका तोच प्रश्न विचारतो, जो जाणत्यांनी विचारणे सोडून दिलेले असते. बेझनजींची नेमणूक या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे.

आरंभीची वर्षे मात्र सोपी गेली नाहीत. पहिली यंत्रसामग्री घेताना किमतीकडे अधिक पाहिले गेले होते आणि स्वस्ताईचा तो माल लवकरच महाग पडू लागला. सूत हवे तसे निघेना. कंपनीचे समभाग दर्शनी किमतीच्या खाली उतरले. मुंबईचे जाणते लोक मान हलवत असतील, यात नवल नाही. अशा वेळी दोन मोह होतात. एक म्हणजे सारा बेत सोडून देणे. दुसरा म्हणजे आपले काहीच चुकले नाही असे म्हणत तसेच रेटणे. जमशेटजींनी दोन्ही टाळले. यंत्रे निवडण्यात चूक झाली हे त्यांनी मान्य केले, जुनी यंत्रे काढून चांगली बसवली. आणि जागेची निवड मात्र बरोबर आहे या मतापासून ते हलले नाहीत. आपल्या कल्पनेतला कोणता भाग खरा आणि कोणता फसला, हे वेगळे करून पाहता येणे, ही नव्या वाटेने जाणाऱ्याला लागणारी पहिली शक्ती होय.

दुसरी शक्ती कोणती, ते रिंग चातीच्या प्रकरणात दिसते.

सूत कातण्याच्या त्या काळच्या मुख्य यंत्राला म्यूल म्हणत. इंग्लंडमध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टन याने १७७९ मध्ये ते सिद्ध केले. म्यूलमध्ये चात्यांचा गाडा रुळावरून पुढे येताना पेळू ताणून त्याला पीळ देतो आणि मागे जाताना तयार झालेले सूत गुंडाळतो. पीळ देणे व गुंडाळणे ही दोन कामे आळीपाळीने होतात, आणि एक चालू असताना दुसरे थांबलेले असते. अमेरिकेत जॉन थॉर्प याने १८२८ मध्ये निराळी युक्ती काढली. त्याच्या यंत्रात प्रत्येक चातीभोवती पोलादाची एक कडी, म्हणजेच रिंग, असते. तिच्यावरून एक चिमुकला आकडा गरगरा फिरतो आणि सुताला पीळ देणे व ते गुंडाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी, अखंड चालू राहतात. यंत्राला जागा थोडी लागते, काम वेगाने होते आणि ते चालवायला म्यूलइतके मुरलेले कसब लागत नाही.

असे असूनही लँकेशायर म्यूलला चिकटून राहिले. त्यालाही कारणे होती. बारीक सूत म्यूलवर अधिक चांगले निघे. म्यूल चालवणारे निष्णात कारागीर तेथे पिढीजात उपलब्ध होते. आणि या यंत्रांत अपार भांडवल गुंतलेले होते. म्हणजे लँकेशायरचा निर्णय लँकेशायरपुरता समजण्यासारखा होता. अडचण एवढीच, की हिंदुस्थानातील गिरण्या आपली यंत्रे, आपले तज्ज्ञ आणि आपली मते ही तिन्ही लँकेशायरहूनच आणीत. आणि दुसऱ्याच्या परिस्थितीतून निघालेले उत्तर आपल्या प्रश्नालाही लागू पडते, असे धरून चालत. येथील गिरण्यांना मुख्यतः जाडेभरडे सूत काढायचे होते आणि म्यूलवर हयात घालवलेले कारागीर येथे मुळात नव्हतेच. रिंग चातीचे गुण जणू याच देशासाठी होते.

१८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जमशेटजींनी रिंगचे दोन साचे मागवले आणि ते नागपूरच्या गिरणीत बसवून घेतले. सारी गिरणी पालटण्याची घाई त्यांनी केली नाही. दोन साच्यांवर किती सूत निघते, किती तुटते, किती माणसे लागतात, वेग कोठवर वाढवता येतो, हे आपल्याच छपराखाली, आपल्याच कापसावर आणि आपल्याच कामगारांच्या हातांनी त्यांनी तपासून पाहिले. ब्रुक्सबींनी यंत्रांत हव्या तशा सुधारणा केल्या. खात्री पटल्यावर मोठी मागणी विलायतेस गेली. तेथील एका प्रख्यात यंत्रकार कंपनीने या नव्या चातीविषयी उत्साह दाखवला नाही, तेव्हा ते काम दुसरीकडे गेले. ज्या यंत्राकडे त्याचे कर्तेही साशंकतेने पाहत होते, ते नागपुरात घरघरू लागले. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही रिंग स्वीकारल्या. जपानने १८९० च्या सुमारास तर त्यांची कास इतक्या निश्चयाने धरली, की चीनच्या बाजारात वर्षानुवर्षे खपणाऱ्या हिंदी सुताला त्याने मागे सारले. थोडक्यात, प्रश्न एका यंत्रापुरता नव्हता. नव्या गोष्टीची परीक्षा कोण आधी घेतो, यावर एका देशाचा बाजार दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, हे त्यातून दिसून आले.

शेतकरी नवे बियाणे प्रथम दोन गुंठ्यांत पेरून पाहतो आणि मग शेतभर पेरतो. जमशेटजींचे दोन साचे म्हणजे ते दोन गुंठेच होते. ज्यांना आपण धाडसी म्हणतो, ती माणसे पुष्कळदा सावधही असतात. न तपासता नाकारणे आणि न तपासता स्वीकारणे हे दोन्ही आळसाचेच प्रकार आहेत. तपासण्याचे कष्ट घेणे हा खरा नवेपणा.

नागपूरच्या कोरड्या हवेची अडचण मात्र यंत्र बदलून सुटणारी नव्हती. विदर्भाच्या उन्हाळ्यात धागा टिकायचा कसा? त्यासाठी गिरणीत हवा ओलसर ठेवणारी उपकरणे बसवण्यात आली. आगीपासून संरक्षण म्हणून छतातून आपोआप पाणी शिंपडणाऱ्या नळ्याही आल्या. त्या काळी या देशात अशी साधने अपूर्वच होती. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुंबई सोडून नागपूरला जाण्याचा जो पहिला नवा विचार, त्याच्याच पोटी ही नवी अडचण जन्माला आली होती. एक नवे पाऊल टाकले, की दुसरे टाकावेच लागते. अर्ध्या वाटेवर थांबणाऱ्याला पहिले पाऊलही चुकल्यासारखे वाटू लागते.

यंत्रांपेक्षा अवघड प्रश्न माणसांचा होता. गिरणीच्या भोंग्याबरोबर उठणे आणि रोज ठरलेल्या वेळी मस्टरवर हजर होणे ही रीत गावाला नवी होती. शेताची कामे, लग्नकार्ये, सणवार, जत्रा यांनुसार ज्यांचे वर्ष चालत आले, त्या माणसांचे खाडे होत आणि दर दिवशी कामगारांचा मोठा भाग गैरहजर राही. यावर उपाय म्हणून दंड बसवणे, मजुरी कापणे, नाव काढून टाकणे ही हत्यारे त्या काळच्या प्रत्येक गिरणीमालकाच्या हाताशी होती आणि ती वापरलीही जात. नागपुरात विचार निराळा झाला. माणूस कामावर टिकत नाही, कारण टिकण्यात त्याला काही लाभ दिसत नाही; तेव्हा तो लाभ निर्माण केला पाहिजे, असे ठरले. नियमित कामगारांसाठी बक्षीससमारंभ सुरू झाले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी स्थापन झाला आणि १८९५ मध्ये अपघातात सापडणाऱ्यांना भरपाई देण्याची योजना आली. सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन गिरणीच्या सर्व खात्यांचे काम शिकवण्याचीही सोय झाली.

या तारखांचे महत्त्व इतर तारखांशेजारी ठेवून पाहिल्यावर कळते. कामगारांना भरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये १८९७ साली झाला, हिंदुस्थानात १९२३ साली. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये आला. राज्यसंस्थेला जे सुचायला अर्धे शतक लागले, ते एका गिरणीच्या कचेरीत आधीच अमलात आले होते. यात दयाबुद्धी होती, तसा व्यवहारही होता. आणि तो व्यवहार होता म्हणूनच ती व्यवस्था टिकली. ज्या सुधारणेत देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे दोघांचेही हित असते, ती दात्याचा उत्साह ओसरला तरी चालू राहते.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. निवृत्तिवेतन मिळाले म्हणून कामाचे तास कमी झाले नव्हते. प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांना कायद्याने मर्यादा घातली ती १९११ साली, आणि तीही बारा तासांची. त्याहून खोल गोष्ट जातीची. मुंबई-नागपूरकडील गिरण्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचे कामगार हजारोंनी काम करीत. परंतु विणकामाच्या खात्यात त्यांना प्रवेश नसे. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, ही सबब पुढे केली जाई. मजुरी मात्र त्याच खात्यात बरी मिळे. म्हणजे अमेरिकेतील नवी चाती सात समुद्र ओलांडून गिरणीत आली, पण कताईखात्यातला माणूस भिंतीपलीकडच्या मागावर जाऊ शकला नाही. लोखंड बदलणे सोपे ठरले. मनातील साचे बदलायला फार मोठा लढा द्यावा लागला, आणि तो ज्यांनी दिला ते गिरणीचे मालक नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तो गिरण्या सुरू होऊन कित्येक दशके लोटल्यानंतर. प्रश्न विचारण्याची सवय एका खात्यात आली, म्हणून ती दुसऱ्या खात्यात आपोआप जात नाही, हे या इतिहासाने कठोरपणे शिकवले आहे.

जमशेटजींचे सारेच बेत सफळ झाले असेही नाही. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची एक मोडकळीस आलेली गिरणी विकत घेऊन तिला स्वदेशी हे नाव दिले. बारीक सूत काढण्याची त्यांची उमेद होती. परंतु त्या गिरणीने त्यांना वर्षानुवर्षे घोर लावला आणि तिच्यासाठी स्वतःची मालमत्ता पणास लावण्याची पाळी त्यांच्यावर आली. चीन-जपानकडे सूत नेणाऱ्या बलाढ्य विलायती जहाज कंपनीचे भाडे अवाच्या सवा आहे, हे पाहून त्यांनी जपानी कंपनीच्या साहाय्याने स्वतःची जहाजे सुरू केली. प्रतिपक्षाने भाडे एकदम उतरवले, येथील व्यापारी त्या मोहाला बळी पडून फुटले आणि तो प्रयत्न बुडाला. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस या देशात पिकवावा म्हणून १८९६ मध्ये त्यांनी पत्रक काढले, प्रयोग करवले; तेही रुजले नाहीत. परंतु या अपयशांनी ते कडवट झाले नाहीत, आणि एका प्रयोगाचे नुकसान सोसण्याचे बळ त्यांना दुसऱ्या प्रयोगाच्या यशातून मिळत गेले. एम्प्रेस मिलच्या उत्पन्नाचा आधार नसता, तर पोलादाचा कारखाना, विजेची निर्मिती आणि विज्ञानसंस्था या त्यांच्या तीन स्वप्नांचा पाठपुरावा करणे त्यांना अशक्यच झाले असते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले, तेव्हा यांतील एकही स्वप्न प्रत्यक्षात आलेले नव्हते. पोलादाच्या कंपनीची स्थापना १९०७ मध्ये, बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ मध्ये आणि खोपोलीची वीज मुंबईला १९१५ मध्ये; ही सारी फळे त्यांच्या पश्चात लागली. याचा अर्थ असा, की त्यांनी केवळ कल्पना मागे ठेवल्या नाहीत. त्या पुढे नेणारी माणसेही तयार करून ठेवली. बेझनजी मेहतांचे पुत्र सोराबजी यांनीही पुढे एम्प्रेस मिलचा कारभार सांभाळला.

आणि त्या गिरणीचे पुढे काय झाले? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरच्या जुन्या कापडगिरण्यांवर जी अवकळा आली, तिच्यातून एम्प्रेस मिलही सुटली नाही. जुनी झालेली यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि बदललेला बाजार यांपुढे ती टिकली नाही. १९८६ मध्ये कायदा करून ती राज्यशासनाने ताब्यात घेतली आणि पुढे ती कायमची बंद झाली. ज्या भोंग्यावर नागपूरच्या कामगार वस्त्यांचे घड्याळ चाले, तो मुका झाला. हजारो कुटुंबांच्या चुलीवर त्याचा घाला पडला. जुम्मा तलाव आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो आणि गिरणीच्या जागेवर आता दुकानांचे मोठे संकुल उभे आहे.

जिने दोन रिंग साचे मागवून एका युगाची सुरुवात केली, ती गिरणी शंभर वर्षांनी जुन्या यंत्रांसह थकून बसली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. नवा विचार हा वडिलोपार्जित वाड्यासारखा वारसाहक्काने मिळत नाही. काल जे नवे होते त्याचीच आज रूढी होते, आणि त्या रूढीचे संरक्षण करणारे लोक पूर्वीच्या नवेपणाचीच साक्ष काढू लागतात. लँकेशायरचे म्यूलही एके काळी क्रांतिकारक होते.

या कथेतून जे हाती लागते, ते मोठ्या कारखानदारांच्याच उपयोगाचे आहे असे नाही. दूरच्या मालाचे आणि जवळच्या मालाचे भाडे मांडून पाहणारा दुकानदार, वर्षानुवर्षे तीन प्रतींत लिहिला जाणारा कागद तीन प्रतींत का लिहायचा असे विचारणारा कारकून, धुराने डोळे चुरचुरणारी चूल उलट दिशेला मांडून पाहणारी गृहिणी, यांचा प्रश्न जातीने जमशेटजींच्या प्रश्नाहून भिन्न नाही. ‘पूर्वापार चालत आले आहे’ हे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण ते ज्या परिस्थितीत चालत आले, ती परिस्थिती अजून शिल्लक आहे काय, एवढे पाहणे प्रत्येकाच्या हातात असते. आणि घरातला वडीलधारा असो, शिक्षक असो वा कचेरीतला अधिकारी असो, हाताखालच्या माणसाला दोन साच्यांपुरती, दोन गुंठ्यांपुरती चुकण्याची मुभा देणे हे त्याच्या हातात असते. ती मुभा मिळाली नाही, की माणसे प्रश्न विचारणे सोडून देतात. अशा घरात किंवा कचेरीत मग कसलाही गडबड-गोंधळ होत नाही. पण काही घडतही नाही.

नागपूरच्या त्या सावकाराने आपले मत पुढे बदलले, आणि ते बोलूनही दाखवले, हे त्याचे मोठेपण होय. परंतु ज्या दिवशी खड्डा समोर होता आणि मातीच्या गाड्या उभ्या होत्या, त्या दिवशी त्याच्या तिजोरीचे दार बंदच राहिले. असे खड्डे आजही जागोजागी आहेत आणि ते भरू पाहणारी माणसेही आहेत. त्यांच्याकडे पाहून हसण्यापूर्वी आपण त्यांचा हिशेब एकदा तरी मागून वाचला आहे काय, हे ज्याने त्याने आपल्याशीच विचारून पाहावे.